नारळावरचा हात

आनंदाने वल्हं फिरवलं आणि दीपेशचं मनगट असं काही वाजलं, की जेटीवरच्या मांजरींना वाटलं कोणीतरी कुर्ली फोडली. सात मांजरी शेपट्या उभ्या करून धावत आल्या. हे उगाच सांगत नाही. संध्या तिथेच पाच पावलांवर फ्लॅशची पिशवी धरून उभी होती, आणि नवऱ्याचा हात मोडलेला बघताना तिच्या डोक्यात पहिला विचार आला तो मांजरींचाच. माणसाचं डोकं अशा वेळी काय वाट्टेल ते करतं.

ती दोन हजार दोन सालची नारळी पौर्णिमा. संध्या आणि दीपेशचा फोटो स्टुडिओ हातखंब्याच्या नाक्यावर होता, पण संध्याचं माहेर खालच्या बंदरावर. म्हणून बंदरावरचे नारळाचे फोटो दरवर्षी दीपेशच काढायचा. आणि बंदरावर रीत अशी, की पूजेचा नारळ दर्यात ज्याच्या हातून सुटतो, त्याची होडी वर्षभर पहिली सुटते. बाकीच्यांनी मागून जायचं. पहिल्या होडीला पहिला मासा.

हा मान होता आनंदाच्या बापाचा. बाप गेला आणि मागे राहिले दोन मुलगे. थोरला आनंदा, धाकटा भिकाजी. दोघेही असे धिप्पाड की एकाच होडीत बसले तर होडी खाली आणि पाणी वर. आनंदा न्याहारीला बारा बांगडे खायचा, काट्यांसकट. भिकाजी शिंकला की नांगरलेल्या होड्या तोंडं फिरवायच्या. थोरला म्हणाला, मान माझा. धाकटा म्हणाला, बापाची होडी मी चालवतो, मान माझा. आणि त्या दिवशी पाटलाने नारळ पुढे केला तसे दोघांचेही उजवे हात एकदम त्याच्यावर पडले.

नेमका तेव्हाच दीपेशने फोटो काढला.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. भिकाजीने आनंदाच्या कपाळावर डोकं हाणलं, कपाळ कलिंगडासारखं उकललं. आनंदाने भिकाजीचा कान दातात धरला आणि अर्धाच परत दिला. दोघांची माणसं काठ्या घेऊन उतरली. जेटीवर चार दात सापडले, त्यातला एक कोणाचा ते अजून ठरलेलं नाही. नारळ कधी सुटला, कोणाच्या हातून सुटला, कोणी बघितलंच नाही. आणि आनंदाला एकदम आठवलं की फोटो निघालाय.

"कॅमेरा दी रे!"

दीपेशने दिला नाही. तो बारीक, खोकला आला तरी वाकणारा माणूस, पण कॅमेरा पोटाखाली घेऊन पालथा पडला. म्हणून वल्हं.

शेवटी पाटलाने शंख वाजवला आणि सांगितलं, "आता फोटोच बोलंल. येत्या रविवारनंतरच्या रविवारी गावकी. नारळावर ज्याचा हात, त्याचा मान. तवर एकय होडी सुटायची न्हाय."

फोटो धुऊन आला. नारळावर हात दोघांचेही होते, पाच आणि पाच, दहा बोटं, अगदी नखांतल्या मळासकट.

* * *

सोमवारी आनंदा हातखंब्याला आला. कपाळावर अकरा टाके, हातात कोयता. स्टुडिओत लग्नाच्या जोडप्यांना बसवायचं एक लाकडी स्टूल होतं, ते त्याने दोन घावांत फोडलं. मग दीपेशचा डावा हात, तो चांगला हात, काउंटरवर पालथा ठेवला आणि त्याच्यावर कोयत्याची पाठ हळूच टेकवली.

"रविवारच्या फोटोत भिक्याचा हात दिसला," आनंदा म्हणाला, "तर ह्यो हात दिसायचा न्हाय."

"अरे पण आनंदादादा, फोटो म्हणजे काय भिंत हाय रंगवायला?" संध्या म्हणाली.

"तुझा घोव लोकांच्या तोंडावरचे देवीचे वण पुसतो. हात पुसायला काय जातंय?"

मंगळवारी भिकाजी आला. त्याच्या कानाला पट्टी आणि हातात पाच लिटरचा कॅन. उंबऱ्यापासून आतल्या पडद्यापर्यंत त्याने शांतपणे रॉकेल ओतलं, जशी बाई अंगणात सडा घालते तसं. काडी पेटवली. ती जळत जळत बोटापर्यंत येऊ दिली. मग फुंकली.

"नारळावर आनंद्याचा हात नको," तो म्हणाला. "रविवारी दुसरी काडी आणीन. ती फुंकणार न्हाय."

तो गेल्यावर संध्याने चार वेळा लादी धुतली. वास काही गेला नाही. आत खाटेवर दीपेश प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडला होता. हा माणूस एका केसाच्या ब्रशने निगेटिव्हवरच्या सुरकुत्या पुसायचा. त्याच्या हाताखालून साठ वर्षांची नवरी तिशीची होऊन निघायची. आता सहा आठवडे उजवा हात नाही. आणि रविवारी डावाही गेला, तर आयुष्यभर त्याला भात कोण भरवणार, हा हिशोब संध्याला कोणी शिकवायला नको होता.

"पळून जाऊ," दीपेश म्हणाला.

"कुठे? तुमच्या मामाकडे? त्यांच्या नाकावरची चामखीळ बघत बसायला?"

म्हणाली खरी, आणि तिची नजर कोपऱ्यातल्या कापडाखालच्या कॉम्प्युटरवर गेली.

तो घेतला होता मे महिन्यात. रत्नागिरीच्या उमेरने आणून बसवला होता, सोबत स्कॅनर आणि रंगीत प्रिंटर. दीपेशला तो अजिबात आवडायचा नाही. "ह्याला हात कुठे हायत?" म्हणायचा. तेव्हापासून त्याच्यावर फक्त पत्त्यांचा डाव चालायचा, तोही दुपारी गिऱ्हाईक नसताना.

संध्याने उमेरला फोन लावला.

* * *

उमेर बुधवारी सकाळी आला, पिशवीत तीन सीड्या घेऊन. आत पाऊल टाकल्याबरोबर नाक धरलं.

"या अल्ला, भाबी, इतं काय पेट्रोल पंप काढलाव काय?"

संध्याने सगळं सांगितलं. उमेर हसायचा थांबला. कोयता कुठे टेकवला होता ती काउंटरवरची जागा त्याने बोटाने चाचपून बघितली.

"मंग भाबी, काम मोठं हाय, सॉफ्टवेअर पण मोठंच घ्या." त्याने पहिली सीडी काढली. "मुंबईत समदे हेच वापरतात. दुबईला माझा भाव पण हेच वापरतो. ह्यात नाय असं काय नाय."

"मला त्यातलं काहीच येत नाही, ते आहे का त्यात?"

"शिकाल की."

"चार दिवसांत?"

आतून दीपेश ओरडला, "मोठंच घे! शिकायचं तर नीट शिकायचं!"

संध्या माहेरची मासळीवाली. बाजारात विळी घेताना ती कधी मोठी बघत नसे. आधी सोबत आणलेला एक बोंबील कापून बघायची. हाताला बसली तर घ्यायची. तिने तेच केलं. लग्नाचा अल्बम काढला, त्यातला दीपेशच्या मामाचा फोटो स्कॅनरवर ठेवला आणि म्हणाली, "ह्या नाकावरची चामखीळ जो पुसेल तो आपला."

मोठं सॉफ्टवेअर उघडलं. बाई बाई, काय ती बटणं! वाळत घातलेल्या सुकटीसारखी, जिकडे बघावं तिकडे. उमेरने ब्रश दाखवला. संध्याने चामखिळीवर फिरवला. काही झालं नाही. जोरात फिरवला. काही नाही. दुपारचे दोन वाजले तरी मामा चामखिळीसकट तिच्याकडे बघून हसत होता. मग उमेरला कळलं की तिने सकाळीच चुकून कानाभोवती एक चौकोन आखला होता, आणि ब्रश फक्त त्या चौकोनातच चालत होता.

"म्हणजे ह्याला कानातच काम करायचं होतं, आणि ह्याने मला सांगितलं नाही?" संध्या म्हणाली. "आनंदा बरा. तो निदान सांगून तोडतो."

दुसरी सीडी. ही बरी वाटली, पण उघडली की आधी इंग्रजीत एक नंबर मागायची, आणि कोपऱ्यात लिहून यायचं की सात दिवसांनी बंद पडेन. पुसून झालेलं ठेवायला गेलं की मामाच्या तोंडावर कंपनीचं नाव आडवं छापून यायचं. पाच वाजले. वीज गेली. आली तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"तिसरी कुठली?"

उमेर लाजला. "ती नको भाबी. ती स्कॅनरबरोबर फुकट आलेली. पोरांची हाय. वाढदिवसाला फोटोला फुगे-बिगे लावतात."

"लाव."

तिसरी उघडली. मोठी मोठी चित्रं, इंग्रजी वाचायला नकोच. खोडरबर. ब्रश. पोस्टातल्यासारखा शिक्का. एक पाठमोरा बाण, म्हणजे चुकलं तर मागे. उमेरने शिक्का दाखवला. आधी फोटोत एका जागी दाबायचं, म्हणजे शिक्का तिथला रंग उचलतो, मग दुसऱ्या जागी दाबायचं, तिथे तो उमटतो. संध्याने मामाच्या गालावर एकदा दाबलं, चामखिळीवर एकदा.

चामखीळ गेली. मामा तरुण झाला. एकदम असा देखणा की संध्याने पदर सारखा केला.

"पण ह्यात मागं एकदाच जाता येतं," उमेर म्हणाला. "एक पाऊल. दोन चुका केलाव तर दुसरी चूक सुधारंल, पैली नाय."

"एक पाऊल पुष्कळ झालं. वल्ह्याला तेवढंसुद्धा नसतं."

आतून दीपेश म्हणाला, "पोरखेळ आणलात माझ्या स्टुडिओत."

"हो. तुमच्या हातासाठी."



* * *

गुरुवारी तिने नारळाचा फोटो घेतला. उमेरने जाताना सांगून ठेवलं होतं, प्रत्येक पावलाला नवं नाव देऊन ठेवा. नारळ एक, नारळ दोन, नारळ तीन. आधी ठरवलं होतं दोन फोटो करायचे. आनंदाला भिकाजीवाचून, भिकाजीला आनंदावाचून.

"आणि रविवारी दोघेही आपापला फोटो घेऊन गावकीत येतील," दीपेश म्हणाला. "मग पयले एकमेकांना कापतील, मग आपल्याला."

हे खरं होतं. म्हणजे फोटो एकच, आणि त्यात दोघांचाही हात नको. मग तिने समुद्राच्या पाण्यावर शिक्का दाबला आणि भिकाजीचं मनगट पाण्याने झाकलं. पुढे कोपर. पुढे दंड. मग तितक्याच शांतपणे आनंदाचंही. नारळ सोळापर्यंत दोघांच्या खांद्यांपाशी दर्या लागला. मधे चूक झाली आणि भिकाजीचं अर्धं नाक नारळावर उमटलं. पाठमोऱ्या बाणाने तेवढं परत घेतलं.

आता नारळ हवेत. भूत बसल्यासारखा. कोणाचा तरी हात हवाच.

ती फोटोत इकडेतिकडे शोधू लागली. आणि कडेला, माणसांच्या मागे, तिला आवडाबाईचा हात दिसला. आनंदा-भिकाजीची आई. पोरांना "थांबा रे मुडद्यानो" म्हणत तिने डावा हात उंच केला होता. त्या हाताला तीनच बोटं. करंगळी आणि शेजारचं बोट अकरा वर्षांपूर्वी मुशीने, म्हणजे शार्क माशाने, खाल्लं, हे बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आवडाबाई स्वतः सांगायची. पहिल्या वर्षी ती मुशी हाताएवढी होती. पुढल्या वर्षी होडीएवढी. गेल्या वर्षी शिमग्यात तिने सांगितलं तेव्हा मुशीच्या कानात डूल होते.

संध्याने त्या तीन बोटांवर शिक्का दाबला. आणि नारळावर उमटवायला सुरुवात केली.

शनिवारी संध्याकाळी काम झालं. नारळ एकोणचाळीस. तीन दिवस ती त्या हाताकडे इतक्या जवळून बघत होती की त्यावरची शीर न् शीर तिला पाठ झाली. प्रिंट काढली, चौकटीत बसवली, वर्तमानपत्रात गुंडाळली.

"जरा लांबून बघितलंस काय?" दीपेशने विचारलं. तो प्रत्येक फोटो हात लांब करून बघायचा. आता त्याला हात लांब करता येत नव्हता.

"बघितलं," ती म्हणाली. बघितलं नव्हतं.

* * *

रविवारी जेटीच्या शेडमध्ये अख्खं बंदर गोळा झालं. आनंदा कोयता घेऊन एका खांबाला, भिकाजी दुसऱ्या खांबाला, खिशात काडेपेटी. दोघांनाही वाटत होतं चौकटीत आपणच आहोत. दोघंही संध्याकडे बघून गालात हसत होते. दीपेश तिच्या मागे, जसा तो कधीच कोणाच्या मागे उभा राहिला नव्हता.

पाटलाने कागद फाडला.

चौकटीत आनंदा होता, भिकाजी होता, आणि दोघांनाही उजवे हात नव्हते. खांद्यापासून थोटे. त्यांच्या मधे नारळ, आणि नारळावर तीन बोटं.

"ह्या काय?" भिकाजी म्हणाला. "देवाला डाव्या हातानं नारळ?"

मग पाटील चष्मा पुसत म्हणाला, "अरे, आणि हा वर कोणाचा हात? हाय तो पण तीनच बोटांचा."

संध्याने बघितलं. पहिल्यांदा, लांबून. आवडाबाईचा मूळ हात पुसायचाच राहिला होता. बाई मागे उभी राहून एक डावा हात हवेत नाचवत होती, आणि दुसऱ्या डाव्या हाताने नारळ धरत होती.

शेडमध्ये हशा पिकला. भिकाजी सगळ्यात मोठ्याने हसला. "आये, तुझे दोन डावे हात? मुशीनं दोन्हीचीं बोटां खाल्लान?"

आनंदा हसला नाही. त्याचा कोयता फिरला. संध्या वाकली म्हणून वाचली, आणि कोयता तिच्या कानावरून जाऊन खांबात चार बोटं रुतला. केसांची एक बट खाली पडली. भिकाजीला तेवढंच निमित्त. त्याने आनंदाच्या कपाळावर, नेमक्या त्या टाक्यांवर गुद्दा घातला. अकराच्या अकरा टाके शिवण उसवावी तसे सुटले. दोघे खाली पडले, उलटेपालटे झाले, रक्तात आणि मासळीच्या पाण्यात. भिकाजीने गळा धरला. आनंदाचे डोळे बाहेर आले. त्याच्या हाताला दगड लागला, तो त्याने भिकाजीच्या तोंडावर मारला, पुन्हा मारला. हसणारे सगळे शेडबाहेर.

मग आवडाबाई उठली. इतका वेळ ती टोपलीवर बसून पान चघळत होती. भिंतीला टेकवलेलं वल्हं तिने उचललं. तेच, ज्याने दीपेशचा हात मोडला होता.

"मुशी न्हवती," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण दगड उगारलेला आनंदाचा हात वरच्या वर राहिला.

"अकरा वर्सां मी खोटां सांगितला. मुशी न्हवती. हे दोघे जाळ्यासाठी कोयते घेऊन उठले आणि मी मधी हात घातला. बोटां ह्याच्या कोयत्यानं गेलीं का त्याच्या, मला म्हाईत न्हाय. मी इचारला न्हाय. लोक काय म्हणतील माझ्या पोरांना, म्हणून मुशी."

"आये—" भिकाजी म्हणाला.

"गप. दर वर्सां मी मुशी मोठी करत आली. तुमी लहानच ऱ्हायलांव."

आणि तिने वल्हं फिरवलं. आनंदाचं उजवं मनगट. मांजरी पुन्हा धावत आल्या. तो किंचाळून बाजूला झाला तोवर तिने वल्हं दुसऱ्या अंगाने आणलं. भिकाजीचं उजवं मनगट. तेवढ्याच जोराने. मग वल्हं टेकवून ती दम खात म्हणाली, "दोघांना सारखां. ह्या आवडाबाईनं वाटणीत कदी कमीजास्त केला न्हाय."

दोघे चिखलात बसले, आपापला हात पोटाशी धरून. फोटोतल्यासारखेच, थोटे. पाटलाने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"मग आता नारळ?" तो म्हणाला.

"फोटोत काय हाय?" आवडाबाईने विचारलं.

कोणी नाही म्हणालं नाही. वल्हं अजून तिच्याकडेच होतं.

नवा नारळ आणला. ती जेटीच्या टोकाला गेली. उजवा हात नारळाखाली, डावा वरती, तीन बोटं. बाई असून. विधवा असून. भटजी खोकला, पण हळूच. दीपेश संध्याच्या कानात म्हणाला, "कॅमेरा," आणि डाव्या हाताने गळ्यातला कॅमेरा तिच्या गळ्यात घातला. संध्याने फोटो काढला. ह्यात पुसण्यासारखं काही नव्हतं.

त्या दुपारी सरकारी दवाखान्यात एकाच बाकावर तीन प्लास्टर वाळत होती. मधे दीपेश, दोन बाजूंना दोघे. आनंदाने विचारलं, "खाजवतां काय रे आत?"

"खाजवतां," दीपेश म्हणाला. "विणायची सुई घाल. बरी पडते."

चार दिवसांनी आवडाबाई हातखंब्याला आली. तिची होडी पहिली सुटली होती. टोपलीत सरंगे मासे होते, ते तिने काउंटरवर ठेवले, कोयता टेकला होता त्याच जागी. दर्शनी काचेत तिचा फोटो लावलेला होता. तिने तो जवळून बघितला, मग चार पावलं मागे जाऊन लांबून बघितला.

"बरा हाय," ती म्हणाली. "पण पाणी मोकळां दिसतां."

"मग?"

"मुशी घाल त्यात. तो तुझा शिक्का की काय, त्यानं."

आवडाबाई अगदी गंभीर होती. आतून दीपेश हसायला लागला आणि हसता हसता प्लास्टर खाटेवर आपटून ओरडला.

संध्याने पोरांचं सॉफ्टवेअर उघडलं. "किती मोठी घालू?"

"होडीयेवढी," आवडाबाई म्हणाली. "आणि डूल इसरू नको."